गाणी बंद करणारे साहेब

साहेब आमच्या केंद्रावर रुजू झाले आणि नवव्या दिवशी त्यांनी माझी गाणी बंद केली.

मी तेव्हा सांगलीला रेडिओवर नैमित्तिक उद्घोषक होते. नैमित्तिक म्हणजे महिन्याला सहा ड्यूट्या, आणि बाकीचे दिवस लोकांना ‘मी रेडिओवर असते’ असं सांगत फिरायचं. त्या सहांतल्या चार ड्यूट्या सकाळच्या. विश्रामबागेतून साडेपाचला सायकल काढायची, केंद्राच्या फाटकाशी पोचल्यावर पहारेकऱ्याला उठवायचं, आणि पावणेसातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू करायचा. पाऊण तास नाट्यपदं, जुनी भावगीतं, क्वचित एखादी लावणी. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि दोन गाण्यांच्या मधे दोन गोड वाक्यं, एवढंच माझं काम. ती वाक्यं मी आदल्या संध्याकाळी आरशासमोर म्हणून बघत असे. आमच्या चौकातली भाजीवाली मला आवाजावरून ओळखायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त घालायची. चोविसाव्या वर्षी माणसाला याहून मोठी कीर्ती लागत नाही.

तर नवव्या दिवशी फलकावर कागद लागला. पावणेसात ते साडेसात, जुनी गाणी बंद. त्या जागी नवा कार्यक्रम, ‘बोलणं’. खाली ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणून साहेबांची बारीक, उभी सही.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. ते समोरच्या कपातल्या चहाकडे बघत होते. चहा प्यायचा विचार दिसत नव्हता.

“सर, गाणी का काढली?”

“कॅसेटवर मिळतात.”

“पण लोकांना सकाळी ऐकायची सवय आहे.”

“हं.”

“पण लोक नाराज होतील.”

“लिहितील. लिहिलं की वाचू.”

“पण सर, लोकांना गाणीच हवी असली तर?”

साहेबांनी गळ्यातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि ते डोळ्यांजवळ नेलं. “बावीस सेकंद. भांडता बरं तुम्ही. फक्त ‘पण’ तीनदा आला.”

मी बाहेर आले आणि लायब्ररीतल्या बाईंपुढे रडले. या बाई रेकॉर्डच्या लायब्ररीच्या प्रमुख. त्यांच्या कपाटातल्या काळ्या तबकड्या पावणेसातलाच काय त्या बाहेर पडत. त्यामुळे त्यांचाही तेवढाच अपमान झालेला होता. “थांब तू,” त्या म्हणाल्या. “या माणसाला कधी ना कधी माझ्या दारात यावं लागेल.” तेव्हा तो नुसता राग होता.

साहेबांचं एकट्याचं हे खूळ नव्हतं. घरोघर केबल आली होती, हातगाडीवर कॅसेटी मिळत होत्या, आणि सकाळी रेडिओ लावणारी माणसं कमी होत चालली होती. वरून पत्र आलं होतं, की पावणेसातच्या वेळेत बोलण्याचा कार्यक्रम ठेवायचा की जुन्या गाण्यांचा, हे केंद्राने सहा महिन्यांत ठरवावं आणि कळवावं. आमचे केंद्रप्रमुख अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांच्या खोलीतून जो शेवटी बाहेर पडेल त्याचं म्हणणं त्यांना पटलेलं असे. सकाळी लायब्ररीतल्या बाई भेटल्या की ते गाण्यांच्या बाजूचे, दुपारी साहेब भेटले की बोलण्याच्या. चार वाजता शिपाई पाणी घेऊन गेला तेव्हा ते त्यालाही म्हणाले होते, की तुमचंही बरोबर आहे.

बोलण्याचा एवढा कैवार घेणारा हा माणूस स्वतः मात्र बोलत नसे. फोन उचलून ‘हं’ म्हणत आणि ठेवताना पुन्हा एकदा ‘हं’ म्हणत. मधलं सगळं पलीकडचा माणूस बोले. मुलाखत घेतानाही त्यांच्याकडे एकच प्रश्न होता. “मग?” समोर आमदार असो, गुऱ्हाळावरचा गुळव्या असो, नाहीतर कॉलेजातले प्राचार्य असोत, साहेब माइक पुढे धरून बसत. माणूस बोलून थांबला की ते घड्याळाकडे बघत पाच-सहा सेकंद जाऊ देत. त्या पाच सेकंदांत समोरच्याला घाम फुटे. मग साहेब हळूच म्हणत, “मग?” आणि तो माणूस जे सांगायचं नाही असं ठरवून आलेला असे ते सांगून टाकी. एका प्राचार्यांनी अशा एका ‘मग’ला आपण कॉपी करून बी.ए. झाल्याचं सांगितलं. नंतर ते टेप परत मागायला तीन दिवस येत होते. साहेबांनी तो तुकडा कापून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “आवाज फार छान लागलाय इथे.”

कापणं हे त्यांचं दुसरं वेड. तेव्हा टेप ब्लेडने कापून चिकटवायची पद्धत होती. साहेब दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन तासन्‌तास बसत. भाषणातले ‘या ठिकाणी’, ‘असं मला वाटतं’, ‘आपल्या माध्यमातून’ हे सगळं काढून टाकत. एका पुढाऱ्याचं वीस मिनिटांचं भाषण साफ करता करता दीड मिनिटावर आलं, तेव्हा त्यांना स्वतःलाच जरा वाईट वाटलं. खोकला मात्र ते कधी कापत नसत. खोकला खरा असतो म्हणत. कापलेले काही तुकडे ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर बारीक अक्षर. ‘हसू, विटा.’ ‘उसासा, तासगाव, बाई.’ ‘विचार करताना गप्प, चार सेकंद, मिरज.’ गप्प बसलेल्याची टेप कशाला ठेवायची असं मी विचारलं, तर म्हणाले, “प्रत्येकाचं वेगळं असतं.”

आणि गाण्याचा राग. नुसती नावड नव्हे. हॉटेलात गाणं लागलं तर ते चहा अर्धा टाकून उठत. आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वरातीपुढे बँड होता. साहेबांनी क्लॅरिनेटवाल्याला बाजूला घेतलं, एका ओट्यावर बसवलं आणि विचारलं, “कधीपासून वाजवता?” तो सांगायला लागला. वरात पुढे गेली. बँडमास्तर वळून वळून बघत होता. क्लॅरिनेटवाला मात्र आपल्या मेलेल्या भावाबद्दल सांगत होता आणि साहेब “मग?” म्हणत होते. नवरदेव नुसत्या ढोलावर मांडवात पोचला. शिपाई पुढे महिनाभर साहेबांना चहा देताना कप जरा जोरात ठेवायचा.

अशा माणसाबरोबर मला माण तालुक्यात जावं लागलं. ‘बोलणं’साठी निवेदन माझं आणि ध्वनिमुद्रण त्यांचं अशी वाटणी झाली होती. मी नाही म्हटलं असतं तर उरलेल्या ड्यूट्याही गेल्या असत्या. केंद्राच्या जीपमधून दहिवडीच्या पुढे गेलो. नुसता माळ, खुरटी बाभळ आणि मेंढरं. एका दगडावर म्हातारा मेंढपाळ बसला होता. मी ओळख करून दिली.

“रेडिओवालं हाय व्हय तुमी?” तो म्हणाला. “आवं, मग सकाळची गाणी का बंद केली?”

मला इतका आनंद झाला की मी तोंड दुसरीकडे फिरवलं. साहेबांनी शांतपणे माइक पुढे केला.

म्हातारा आधी मेंढरांवर बोलला. प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीची तक्रार होती. मग गाडी घरावर आली. दोन पोरं मुंबईला होती, बाजारात माल उचलायला. वर्षातून एकदा येत.

“आली की बसत्यात समोर,” तो म्हणाला. “त्यास्नी काय बोलावं कळत न्हाई, मलाबी कळत न्हाई. मग मी रेडिओ लावतो. गाणं लागलं की बोलाय लागत न्हाई. बरं वाटतंय सगळ्यास्नी.”

साहेबांनी पाच सेकंद जाऊ दिले, पण त्यांचा ‘मग’ आला नाही. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“तुमचं वडील हायत का, सायेब?”

“आहेत. वाईला.”

“बोलत्यात का तुमच्यासंगं?”

“ते गातात.”

“गात्यात ते बेस हाय. बोलत्यात कवा?”

म्हातारा गप्प राहून वाट बघत बसला. त्याला घाई नव्हती, मेंढरं चरत होती. आणि साहेब बोलायला लागले. मी कानाला हेडफोन लावून बसले होते, त्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकला. त्यांचे वडील एका नाटक कंपनीत गायचे. कंपनी बुडाल्यावर वाईत शिकवण्या करायला लागले. घरात पहाटेपासून तंबोरा. आई लवकर गेली. घरात दोघंच, आणि त्यातला एक सदा गात असलेला. साहेब मॅट्रिकला नापास झाले त्या दिवशी वडिलांनी काही विचारलं नाही, भैरवी म्हटली. पहिल्या पगाराचं पाकीट पुढे केलं तेव्हा त्यांनी गाता गाताच बोटाने कोनाडा दाखवला.

“मला एकदा फार ताप आला होता,” साहेब म्हणाले. “सहा वर्षांचा असेन. ते उशाशी बसून गायले. सगळे म्हणतात, काय भाग्य. मला एवढंच हवं होतं, की दुखतंय का म्हणून विचारावं.”

म्हातारा मान हलवत राहिला. “आमचंबी तसंच हाय की,” तो म्हणाला. आपण त्या पोरांच्या जागी आहोत की बापाच्या, हे त्याने सांगितलं नाही.

जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी टेप मागे नेली, माइक बाहेर धरला आणि त्यांच्या त्या चार मिनिटांवर माळावरचा वारा भरून घेतला. “वारा हवाच होता,” असं मला उद्देशून म्हणाले. मला त्यांच्यावर रागावणं त्या दिवसापासून अवघड झालं. मी प्रयत्न मात्र सोडला नाही.

त्याला कारणही होतं. पोस्टकार्डांचा पाऊस पडत होता. ‘बोलणं’ सुरू झाल्यापासून इतके श्रोते चिडले होते, की एवढे श्रोते आहेत याचा आम्हाला पत्ताच नव्हता. कडेगावच्या एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘सकाळी सकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला मला सून आहे.’ इस्लामपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की गाण्याशिवाय त्यांची म्हैस दूध देत नाही, तरी केंद्रावरून कोणीतरी येऊन म्हशीला समजावून सांगावं. साहेब प्रत्येक कार्ड वाचत आणि “चांगलं बोलतात लोक” म्हणत. इस्लामपूरच्या बाईंकडे तर ते खरोखर टेपरेकॉर्डर घेऊन गेले. तो भाग अतिशय रंगला. म्हशीचंही म्हणणं त्यात होतं.

मग साताऱ्याहून शिष्टमंडळ आलं.

सकाळच्या एस.टी.ने बारा जण उतरले, सगळे निवृत्त फौजी. इस्त्रीचे कपडे, छातीवर पदकं, पायात चकचकीत बूट. पुढे सुभेदार होते, सत्तरीचे, मिशा पांढऱ्या आणि पाठ ताठ. ते फाटकातून दोन-दोनच्या रांगेत आत आले. पहारेकऱ्याने घाबरून त्यांना सलाम ठोकला. केंद्रप्रमुखांनी शिष्टमंडळ पाहिलं, त्यांचं बरोबर आहे असं जाहीर केलं, आणि पुढचं बोलणं साहेबांशी करा म्हणून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

साहेबांच्या खोलीत बारा माणसं मावेनात. म्हणून त्यांनी सगळ्यांना मोठ्या स्टुडिओत नेलं, सतरंजीवर बसवलं, मधे माइक ठेवला आणि सांगितलं, “हे चालू असतं. तुमचं सगळं यात येईल. नको असेल तर शेवटी सांगा, पुसून टाकीन.” मी काचेच्या पलीकडे टेप सांभाळत होते.

“असू द्या चालू,” सुभेदार म्हणाले. “आमी चोरून बोलत न्हाई. एकच मागणी हाय. बोलणं बंद करा, गाणी चालू करा. आमाला बोलायची सवय न्हाई.”

साहेबांनी पाच सेकंद जाऊ दिले. “मग?”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “तसं न्हवं. सांगतो.”

आणि बोलायची सवय नसलेले ते बारा जण पावणेदोन तास बोलले. बर्फातल्या चौकीवर एकच ट्रान्झिस्टर होता. सेल गारठू नयेत म्हणून एक जण ते रात्रंदिवस बनियनच्या आत छातीशी धरून असायचा, आणि कार्यक्रमाच्या वेळी काढून द्यायचा. सेल सांभाळणारा तो माणूस तिथेच बसला होता, कोरेगावचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “छातीवर अजून डाग हाईत. बायकूला वाटलं गोळी लागली.” एकदा रविवारी मराठी गाणं लागलं. बारा मराठे चौकीत, बाहेर वारं. गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही, आणि संपल्यावर हवालदाराने सगळ्यांना कारण नसताना बूट पुसायला लावले, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला नको.

इथे भांडण लागलं. ते गाणं कोणतं, यावर. सुभेदारांच्या मते ते अभंगाच्या चालीचं होतं. कोरेगावकर म्हणाले, “न्हाई सुभेदार सायेब, लावणी हुती.” सुभेदार म्हणाले, “लावणी ऐकून मी रडंन व्हय?” त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे तुमीबी रडला हुता तर.” पंचवीस वर्षांत हे प्रथमच उघड झालं होतं. मग एकेक जण कबूल करायला लागला.

संपल्यावर साहेबांनी विचारलं, “पुसू का?”

सुभेदारांनी सगळ्यांकडे पाहिलं. “पुसू नका. पर गाणी पायजेत.”

“शेवटी एक कडवं लावतो.”

“पुरं गाणं.”

“दोन कडवी.”

“सायेब, आमी अर्धी ड्यूटी कवा केली न्हाई. पुरं.”

साहेबांनी घड्याळाचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. कोणीतरी दात काढायला बसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “पूर्ण,” ते म्हणाले. “एकच. शेवटी.”

तो कार्यक्रम लागला आणि पोस्टकार्डांचा सूर बदलला. ‘बोलणं’ मग तसंच ठरलं. चाळीसेक मिनिटं माणसं बोलायची आणि शेवटी त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगितलेलं एक जुनं गाणं पूर्ण लागायचं. ते गाणं सुरू झालं की साहेब स्टुडिओबाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभे राहत. शिष्टमंडळ दर महिन्याला तक्रार करायला येऊ लागलं. तक्रार संपली होती, पण एस.टी.ची वेळ सगळ्यांना सोयीची होती.

पाचव्या महिन्यात वाईहून फोन आला. साहेब “हं” म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघाले. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता.

बारा दिवस काही कळलं नाही. तेराव्या दिवशी दुपारी ड्यूटी रूममध्ये माझ्यासाठी फोन आला.

“मी बोलतोय,” साहेब म्हणाले. “एक गाणं ओळखा.” आणि त्यांनी फोनमध्ये एक आवाज काढला. दार करकरल्यासारखा, मधेच वर गेलेला.

“सर, बरं आहे ना तुम्हाला?”

“वडिलांची वाचा गेलीय. एक शब्द येत नाही. पण गाता येतं, अख्खं पद शब्दांसकट. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी. त्यांना काही हवं असलं की ते त्या अर्थाचं पद म्हणतात. परवा तहानेचं म्हटलं ते कळलं. आज सकाळपासून हे एकच चाललंय, तानांमध्ये शब्द हरवतात, आणि मला कळत नाही.” त्यांनी पुन्हा आवाज काढला.

मी कपाळाला हात लावला. पाच हजार गाणी माझ्या कानांवरून गेली होती, त्यातलं एकही असं नव्हतं. तेवढ्यात पलीकडे, एस.टी.डी. बूथच्या दारातून दुसरा आवाज ऐकू आला. “आवं काका, ते असं न्हाई.” रांगेत थांबलेल्या कोणीतरी ती ओळ खणखणीत सुरात म्हणून दाखवली. माझ्या लगेच लक्षात आलं. जुनं नाट्यपद होतं, नायिका दाराशी उभी राहून उजाडायची वाट बघते ते.

“सर, खिडकी,” मी म्हणाले. “खिडकी उघडायला सांगतायत.”

“हं,” साहेब म्हणाले, आणि या वेळी त्यात जवळजवळ एक वाक्य होतं.

त्याच आठवड्यात वडिलांना शेजाऱ्यांवर सोपवून ते सांगलीला आले आणि सरळ लायब्ररीच्या दारात उभे राहिले. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि एक अर्ज पुढे सरकवला. रेकॉर्ड कशासाठी हवी, या रकान्यात साहेबांनी लिहिलं, ‘शब्दार्थासाठी.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. पाच महिने साठवलेलं जे बोलायचं होतं, त्यातलं त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि कपाटं उघडायला लागल्या.

ज्या माणसाने अर्धा चहा टाकून गाण्यापासून पळ काढला, तो चार दिवस कानाला हेडफोन लावून जुनी नाट्यपदं ऐकत बसला. मी शेजारी बसून अर्थ सांगत होते. त्यांनी एक वही केली होती. डाव्या बाजूला पदाची पहिली ओळ, उजव्या बाजूला ‘पाणी’, ‘उशी’, ‘भात मऊ हवा’, ‘डॉक्टर नको’. काही ओळींपुढे प्रश्नचिन्ह होतं. एक पद वडील रोज संध्याकाळी म्हणत होते. त्याचा अर्थ मी सांगितला, की यात नायक क्षमा मागतो. साहेबांनी पेन्सिल उचलली, टेकवली, आणि उजवी बाजू कोरी ठेवून पान उलटलं.

सहा महिने संपत आले होते. वर अहवाल जायचा होता. मी मनात म्हटलं, आता तरी माझी गाणी परत येतील. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. ‘पावणेसात ते साडेसात बोलणं असावं. शेवटी एक गाणं, पूर्ण.’

“सर, अजूनही बोलणंच?”

“घरी इलाज नाही म्हणून गाणं,” ते म्हणाले. “ज्यांना बोलता येतं त्यांनी बोलावं. वेळेवर.”

कागद घेऊन ते केंद्रप्रमुखांकडे गेले. बाहेर लायब्ररीतल्या बाई आपलं म्हणणं मांडायला ताटकळत होत्या. केंद्रप्रमुखांनी सही केली. साहेबांनी ती वाळेपर्यंत तिथेच उभं राहून कागद हातात घेतला, आणि मगच दार उघडलं. मग मोठी रजा टाकून ते वाईला गेले.

महिन्याभराने मी काही पदांच्या कॅसेटी घेऊन त्यांच्याकडे गेले. स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या. खाटेवर वडील उशीला टेकून बसलेले, ऐंशीच्या पुढचे, गोरे, उजवा हात मांडीवर निर्जीव. मी नमस्कार केला. त्यांनी डाव्या हाताने बसायची खूण केली आणि एका पदाची पहिली ओळ म्हटली. आवाज थरथरत होता, पण सूर असा लागला की मी हातातली पिशवी खाली ठेवायची विसरले.

“पाणी,” साहेब म्हणाले आणि भांडं भरून आणलं.

वडिलांनी भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“नुसतं दिलं तर घेत नाहीत,” साहेबांनी मला समजावलं. “दुसरी ओळ मी म्हणावी लागते.” त्यांनी घसा साफ केला आणि ती म्हटली.

वडिलांनी कडू काढा प्यायल्यासारखे डोळे मिटले. डावा हात उचलून पंजा वर नेला. सूर वर हवा होता. साहेबांनी वर नेला. पंजा खाली आला. साहेब खाली आले, जरा जास्तच आले. मला राहवेना. मी ती ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर वडिलांनी माझ्याकडे न बघताच हात आडवा करून मला थांबवलं. त्यांची नजर मुलावर होती. पाणी हिंदकळत होतं, साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पाचव्यांदा, सहाव्यांदा त्यांनी ती ओळ म्हटली. सातव्या खेपेला, कदाचित चुकून, शेवटचा स्वर जिथे हवा तिथे जाऊन टेकला आणि क्षणभर तिथेच राहिला.

वडिलांनी भांडं घेतलं. अर्धं पाणी प्याले, मुलाकडे परत दिलं, मिशा पुसल्या आणि तीच पहिली ओळ पुन्हा म्हणायला लागले.

“अजून तहान लागलीय?” मी हळूच विचारलं.

“नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि खाटेच्या कडेला नीट मांडी घालून बसले. “आता गप्पा मारायच्यात.”

आणि त्यांनी दुसरी ओळ उचलली, पुन्हा चुकीच्या सुरात.